सूचीत नसलेलं नाव

गॅब्रिएल सरांनी अंक हातात घेतला आणि थेट शेवटच्या पानावर गेले. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. प्रादेशिक विकासावरचा कुठलाही निबंध ते मागूनच उघडत. आधी संदर्भसूची. कुणी कुणाला धरलंय नि कुणाला वगळलंय ते कळलं की निम्मा निबंध कळतो, असं सांगत. खरं कारण वेगळं होतं. वसईच्या विहिरी खाऱ्या कशा होत चालल्यात यावर त्यांनी जन्मात एकच लेख लिहिला होता, मराठीत, कॉलेजच्या वार्षिकात. तो एकदा तरी कुणाच्या सूचीत दिसावा, एवढीच आस.

आज आशेला जागा होती. निबंध त्यांच्या विद्यार्थ्याचा, समोर बसलेल्या हर्षवर्धनचा होता. परदेशी नियतकालिकात, वसईच्याच पाण्यावर. निर्मळ गावातल्या घराच्या याच ओट्यावर बसून, सरांच्या वाडीतली केळी खात त्यानं सरांचा लेख उतरवून घेतला होता.

सरांचं बोट सूचीवरून दोनदा फिरलं.

"सर, आभारात बघा ना," हर्षवर्धन घाईनं म्हणाला. "पहिलंच नाव तुमचं आहे. आदरातिथ्याबद्दल."

"केळ्यांबद्दल म्हण की!"

"मराठी रेफरन्स चालत नाही सर तिकडे. एडिटर म्हणाले, काढा. भांडलो असतो, पण प्रमोशन अडकलं होतं."

"अरे, आमचं पाणी मराठीतच खारं झालं रे," सर हसले. हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. फार लागलं होतं त्यांना.

तो गेल्यावर त्यांनी कपाटातून वार्षिक काढलं. स्वतःचा लेखही सवयीनं मागूनच उघडला. गॅझेटियर, सरकारी अहवाल, जाडजूड इंग्रजी पुस्तकं. सूची कशी भारदस्त! विहिरींच्या पाण्याच्या चवीपुढे आधार म्हणून मात्र एवढंच: 'स्थानिक रहिवाशांच्या मते.'

तंबाखूनं सरांची जीभ तेव्हाच मेली होती. गोडं काय नि मचूळ काय, सगळं सारखंच. उमेळ्यापासून गासपर्यंत विहिरीविहिरीचं पाणी चाखलं होतं ते त्यांच्या स्कूटरवर मागे बसून आलेल्या बायकोनं, सालोमीनं.

ती चहा घेऊन बाहेर आली.

"सालोमी, लेखात तुझं नाव घालायला हवं होतं गं."

"शोधलं होतं मी," ती सहज म्हणाली. "छापून आला त्या दिवशी. मग म्हटलं, तुमच्यात तशी पद्धत नसेल."

सरांनी कप उचलून घोट घेतला.

"साखर बरोबर आहे ना?"

त्यांनी कप तिच्यापुढे धरला. "तूच चाखून सांग," ते म्हणाले.