मास्तरांचं पान

“आई, या वर्षी मास्तरांना बोलवू नकोस.”

चित्राने वाटलेल्या उडदाच्या डाळीत बोट बुडवून पाहिलं. वड्यांसाठी पीठ अजून सैल होतं.

“बाबांची तिथी उद्यावर आली,” ती म्हणाली. “मी त्यांना सांगून बसलेय.”

“मी कालच फोन करून नाही म्हणून कळवलंय.” राघव फ्रिजला टेकून उभा होता, ऑफिसचा पास अजून गळ्यात. “माझं सिक्युरिटी क्लिअरन्स चालू आहे. तुमच्या घरी कोण येतं, किती वेळा येतं, सगळं विचारतात. आणि आपल्याकडे कोण येतं? सोव्हिएत नौदलाचा रिटायर्ड माणूस. पाणबुडीवाला.”

“मग सांग तसं. जेवायला येतो म्हणावं, वर्षातून एकदा.”

“इतकं सोपं नसतं ते.”

सोपं नसणार, हे चित्रालाही कळत होतं. ऑस्ट्रेलिया आता अणुपाणबुड्या आणणार, आणि त्या कामावर जायची राघवला फार हौस. लहानपणी विशाखापट्टणमच्या नेव्ही क्वार्टरमध्ये तो बापाला विचारायचा, “बाबा, तुम्ही बोटीत काय करता?” राजीव म्हणायचा, “पंखे पुसतो.” त्याहून जास्त सांगायला परवानगीच नव्हती. पोराने ते मनात धरलं असावं. बापाने जे सांगितलं नाही, ते आपण करून बघायचं.

राजीव ऐन तरुणपणी व्लादिवोस्तोकला शिकायला गेला होता. भारताने सोव्हिएतांकडून एक अणुपाणबुडी भाड्याने घेतली, तिची अणुभट्टी सांभाळायचं शिक्षण. शिकवणारे होते गेनादी स्तेपानोविच. पुढे कितीतरी वर्षांनी, नोकरी संपवून इथे ऑस्ट्रेलियात मुलाकडे आलेला राजीव डँडेनॉन्गच्या मंडईत बीट निवडत होता, तेव्हा शेजारी कोणीतरी बीटवाल्याशी खर्जातल्या आवाजात भांडत होतं. आवाज ओळखून राजीव हातातली पिशवी टाकून ताठ उभा राहिला. गुरू-शिष्यांनी भर बाजारात एकमेकांना मिठ्या मारल्या. गेनादींची मुलगी इथे डॉक्टर, तिच्यामागून तेही आलेले. त्या दिवसापासून ते या घरचे ‘मास्तर’ झाले.

जाताना राजीव म्हणाला होता, “माझ्या नावाने कुणाला जेवू घालायचंच असेल, तर मास्तरांना घाल.” पहिल्या वर्षी पुण्याच्या गुरुजींनी झूमवरून विचारलं, “ब्राह्मण आले का?” तर हाच राघव हसून म्हणाला होता, “आलेत गुरुजी, पण व्लादिवोस्तोकचे.” गुरुजी म्हणाले, “असू देत. भूक लागली आहे ना त्यांना? मग वाढा.”

तेव्हापासून तिथीला पहिलं पान मास्तरांचं. ते जेवल्याशिवाय चित्रा तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. कुणी सांगितलं नव्हतं. तिने आपलं धरलं होतं.

“बाबा असते ना, तर तेच म्हणाले असते, गप्प बस,” राघव म्हणाला.

“बाबा गप्प बसायचे ते सरकारने सांगितलं म्हणून.” चित्राने डाळीवर झाकण ठेवलं. “गुरूला जेवू घालू नका, असं कुठल्याच सरकारने त्यांना सांगितलं नव्हतं.”

तिने आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढलेला त्या घराने कधी ऐकला नव्हता. त्यामुळे राघवला वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघवने पिंडदान केलं, तीळ सोडले, नमस्कार केला आणि तो कामावर गेला. चित्राने स्वयंपाक डब्यांत भरला. भात, कढी, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, तांदळाची खीर.

“आई, मी सोडू का?” सून ऋताने दबक्या आवाजात विचारलं.

“नको गं. उद्या तुलाही कुणी विचारायला नको. मी जाते बसने.”

“राघव भडकेल.”

“भडकू दे. जेवला की उतरतो त्याचा राग. बापावर गेलाय.”

डँडेनॉन्गच्या त्या जुन्या विटांच्या इमारतीत मास्तर वरच्या मजल्यावर राहत. जिन्यावर चित्राला दोनदा थांबावं लागलं. पोट रिकामं, दोन्ही हातांत डबे. तिने बेल वाजवली. आतलं लाकडी दार उघडलं, जाळीचं मात्र बंदच राहिलं. जाळीमागे मास्तर उभे. ऐंशी ओलांडलेले, गळ्यावर शस्त्रक्रियेचा जुना व्रण. सोव्हिएतांच्या अगदी पहिल्या अणुपाणबुड्यांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्या बोटींच्या नळ्या गळायच्या आणि कोवळी पोरं आत जाऊन फडक्याने ते किरणोत्सारी पाणी पुसायची. त्यांतलेच हे एक.

भारतीय पोरांकडून उचललेली मोडकी हिंदी ते अजून बोलत. राजीवकडून एकच मराठी शब्द उचलला होता.

“वैनी, घर जाओ. राघव फोन किया. उसका काम, सरकार, पनडुब्बी. मैं समझता. मैं रूसी. दरवाजा नहीं खोलूँगा.”

“ठीक है,” चित्रा म्हणाली. “मत खोलो.”

तिने डबे खाली ठेवले, पदर सावरला आणि भिंतीला टेकून पायपुसण्यावर बसली.

“वैनी, क्या करती?”

“बैठी हूँ. आप खाएँगे, तब मैं खाऊँगी. आज नहीं, तो कल.”

मास्तर दाराआड तसेच उभे राहिले. शेजारची व्हिएतनामी बाई कपड्यांची टोपली घेऊन आली. चित्राने पाय आखडून तिला वाट दिली.

राजीवने एकदा सांगितलेली गोष्ट चित्राला ठाऊक होती, आणि मास्तरांनाही ती विसरणं शक्य नव्हतं. पाणबुडीने पहिली बुडी घेतली की नव्या माणसाने दिव्याच्या काचेच्या झाकणातून समुद्राचं पाणी प्यायचं, अशी तिथली रीत. राजीवची पहिली बुडी नेमकी श्रावणी सोमवारी आली. तो म्हणाला, आज उपास आहे, समुद्राचं मीठ चालत नाही, उद्या पितो. सगळे हसले. एकजण म्हणाला, इतक्या खोल तुझा देव काय बघतोय? मास्तरांनी ते भरलेलं झाकण उचललं, त्यावर बशी पालथी घातली आणि आपल्या जागेपाशी ठेवून दिलं. कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी राजीवने उपास सोडल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ते त्याला पाजलं. म्हणाले, “व्रत म्हणजे ड्यूटी. ड्यूटीला कुणी हसत नाही.”

“आज सोमवार?” मास्तरांनी जाळीतून विचारलं.

“सोमवार नहीं. राजीव.”

कडी निघाली.

टेबल त्यांनीच पुसलं. चित्राने पान मांडलं. भात, त्यावर वरण नसतं म्हणून कढी, उजवीकडे भाजी, डावीकडे चटणी. मास्तर नेहमीसारखे आधी थोडा वेळ डोळे मिटून बसले. मग खिरीत काळा पाव बुडवून खाऊ लागले. पहिल्या वर्षी चित्राला हे बघवलं नव्हतं. आता तिने पावाची लादी स्वतःच पुढे सरकवली.

“वो बोट,” खाता खाता मास्तर म्हणाले. “राजीववाली. तुम लोग वापस दिया. फिर हम काटा. मैं भी था. आगे काटा, पीछे काटा, बीच में रिॲक्टर. दोनों तरफ वेल्डिंग, बंद. किनारे पर रखते हैं. लाइन में. बहुत हैं.” पाव हातात तसाच राहिला. “नाम नहीं. नंबर. कोई मिलने नहीं आता.”

“का यावं कुणी?” चित्रा मराठीतच म्हणाली. “काम होतं तोवर आपली, नाहीतर दार लावून घ्या.”

मास्तरांना शब्द कळले नसावेत. त्यांनी मान मात्र हलवली आणि पानात एक वडा मागितला.

फोन वाजला. राघव.

“आई, ऋताने सांगितलं. मी खाली आहे, गाडीत.”

“मग वर ये.”

“मला वर येता येणार नाही गं. समजून घे.”

“समजलं.” चित्राचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “तुला विचारतील तेव्हा माझं नाव सांग. सांग, माझ्या आईने त्याला जेवू घातलं, पुढच्या वर्षीही घालणार आहे. तुझी नोकरी गेली तर मला दुःख होईल राघव. पण माणसाला पानावरून मी उठवणार नाही.”

तिने फोन ठेवला. राघवसाठी आणखी एक ताट मांडलं, त्यात सगळं थोडं थोडं वाढलं आणि बाजूला सारलं. मास्तर सावकाश उठले आणि दार लोटायला निघाले. दाराबाहेरच्या गॅलरीतून राघवची खालची गाडी दिसत होती, आणि गाडीतून हे दार.

“खुला रहने दो,” चित्रा म्हणाली.

मास्तर परत येऊन बसले. शेवटचा घास संपवून त्यांनी पानाला हात जोडले. मग चित्राने सताड उघड्या दाराकडे तोंड करून आपलं पान वाढून घेतलं, कढी-भात कालवला आणि दिवसातला पहिला घास तोंडात घातला.