बोरिक लावलेले तांदूळ

वसुधाच्या अमीबांना दर दुसऱ्या दिवशी जेवू घालावं लागे. आव झालेल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या पोटातून आलेला हा वाण. त्यातला थेंबभर काढायचा, नव्या नळीत सोडायचा, वर चिमूटभर तांदळाची पिठी टाकायची. दिवस चुकला की मेलेच. दीड वर्षात एकदाही चुकला नव्हता. तिची सगळी पीएचडी त्या तीन नळ्यांवर उभी होती.

"लोकांना आव झाली तर ते औषध घेतात," तिची आई म्हणे, "आमची लेक तिला भात भरवते!"

आई म्हणजे शशिकलाबाई. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत वाईहून चंदीगडला आल्या त्या लेकीच्या बाळंतपणासाठी, डिंक, अळीव आणि दहा किलो आंबेमोहोर घेऊन. वीणा झाली आणि त्यांनी जाहीर केलं, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. मग नळ्यांचं काम प्रयोगशाळेतल्या रघुवीरकडे गेलं. तो संध्याकाळी सायकलवरून येई आणि दारातूनच सांगे, "सब राज़ी-खुशी, मॅडमजी."

बाराव्या दिवशी तो म्हणाला, पिठी संपली, स्टोअरवाले पुढच्या महिन्याची गोष्ट करतात.

"बाजारातली नको, भेसळ असते," वसुधा खाटेवरून म्हणाली. "आई, आपलेच तांदूळ दे गं कुटून. आणि पाणी लावू नकोस हं, ओल राहिली तर बुरशी धरते."

"न धुता?"

"न धुता."

शशिकलाबाईंनी तोंड उघडलं, मग मिटलं. शिकलेल्या मुलीला आपण काय सांगायचं? त्यांनी तांदूळ खलबत्त्यात कुटले, वस्त्रगाळ केले आणि डबी रघुवीरच्या हाती दिली. त्याने ती पिठी, जंतू मरावेत म्हणून, रीतसर भट्टीत तापवून घेतली.

चार दिवसांनी तो म्हणाला, "थोड़े सुस्त हैं." एकोणिसाव्या दिवशी तो दारापर्यंत आलाच नाही. सायकल धरून फाटकाशीच उभा राहिला.

"मॅडमजी, कोई हिल नहीं रहा."

वसुधा उठली. शशिकलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "जा. पण कान बांध."

सूक्ष्मदर्शकाखाली पिठीचे कण होते. त्यांच्याभोवती काहीच हलत नव्हतं. पहिल्या नळीत नाही, दुसरीत नाही, तिसरीत नाही. जुन्या नळ्या उकळून टाकायच्या हा नियम तिचाच, आणि रघुवीरने तो पाळला होता; मागे जायला एकही नळी उरली नव्हती.

घरी आली तेव्हा आई मऊ भातासाठी तांदूळ धूत होती. तिसरं पाणी, चौथं पाणी.

"इतकं काय धुतेस?"

"बोरिक पावडर चोळलीय ना. पोरकिडे होऊ नयेत म्हणून. आपल्याकडे लावतातच की..."

त्यांचा हात पाण्यातच थांबला. बाळ तेवढं कुरकुरलं.

"मी विचारलं होतं गं तुला. न धुता, म्हणून."

"हो. विचारलं होतंस."

"सगळे मेले?"

"सगळे."

शशिकलाबाईंनी तांदळातलं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाल्या, "बोरिक चांगलं निघालं म्हणायचं." आणि डोळ्याला पदर लावला.

रघुवीरने सुचवलं, भट्टी बिघडली असं लिहू. वसुधाने रजिस्टरात लिहिलं, 'पिठीत बोरिक. तपासली नाही. चूक माझी.' तसा दुसरा रुग्ण मिळायला पावसाळा उजाडला. प्रयोगांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. वर्ष गेलं ते गेलंच.

ऐंशी साली व्याख्याता पदाची मुलाखत झाली. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी तिच्या अर्जातल्या त्या रिकाम्या वर्षावर बोट ठेवलं आणि अगदी मायेने विचारलं, "इथे मूल झालं, म्हणून काम थांबलं. असंच ना?"

हो म्हणायचा अवकाश होता. बाकीचे माना डोलवायला तयारच होते. आणि हीच जागा पुन्हा निघायला चार-पाच वर्षं लागली असती.

"नाही सर," वसुधा म्हणाली. "मुलीने एकोणीस दिवस घेतले. वर्ष गेलं ते तांदळाला काय लावलंय हे मी विचारलं नाही म्हणून."

पुढची वीस मिनिटं ती बोरिकवरच बोलत होती. नेमणुकीचं पत्र तिसऱ्या आठवड्यात आलं, पण त्या संध्याकाळी ते कुणाला ठाऊक होतं? सहा वर्षांची वीणा दारातच विचारती झाली, "मम्मा, क्या पूछा उन्होंने?"

"तुझ्याबद्दल विचारलं."

"मैंने क्या किया?"

"काही नाही गं राणी. तू काहीच केलं नाहीस," वसुधा म्हणाली, आणि पदर खोचून तांदूळ धुवायला बसली.