आधी सरदार आत

"तुहा बाप लोकाईच्या घरात शिरल्यावर छत काहून ठोकते वं?"

हा प्रश्न माझ्या मैत्रिणीचा, जमुनाचा. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आम्ही बसलो होतो; दुसऱ्या मैत्रिणीनं, बेबीनं, त्यावर लगेच पैज लावली. हेच मी बाबांना तोंडावर विचारायचं, म्हणजे ओंजळभर शिंगाडे माझे. त्यांना वाटलं, मी भिईन. मी! मोहाडीला भाषणात पहिली आल्यापासून मी हेडमास्तरांनासुद्धा भीत नाही.

झालं होतं असं. माझे बाबा, धनीराम, नागपूरच्या पलीकडे एका कोळसा खाणीत सरदार आहेत, म्हणजे खाली उतरणाऱ्या टोळीचे मुकादम. दिवाळीला आमच्या गावी, करडीला येतात. पैजेच्या आदल्या दिवशी जमुनाच्या वडलांनी, बुधरामकाकांनी, आम्हाला मासोळी खायला बोलावलं. बाबा सगळ्यांच्या पुढे आत शिरले, काठीनं छताचं लाकूड ठकठक वाजवलं, कान देऊन ऐकलं आणि मागे वळून काकांनाच म्हणाले, "हं, या आता आत."

"माह्याच घरात मले बोलावून राहिला का बे!" काका पोट धरून हसले. सगळेच हसले. बाबाही हसले, पण काठी त्यांनी पाठीमागे लपवली.

संध्याकाळी बाबा अंगणात खाटेवर बसले होते, माय चुलीशी. मी सरळ विचारलं.

"सवय हाय बाई," बाबा म्हणाले. "खाली सरदारानं छत ठोकून पाह्यल्याबिगर कोनी आत पाय ठेवाचा नाई, असा कायदाच हाय. टणक वाजलं त मानसाईले बोलवाचं. बोदं वाजलं, मंजे पोकळ, त लाकूड आडवं लावाचं. रस्ता बंद."

"मंग सगळ्याईच्या आंधी तुमी एकटेच?"

"एकटाच."

जिंकले! मी पाळीकडे पळणार, तोच माय म्हणाली, "सांगून टाका ना तिले. आता वापस जात नाई मनून."

मी उडीच मारली. बाबा कायमचे घरी! पण बाबांच्या तोंडावर हसू नव्हतं. "काहून पण?" मी विचारलं.

हळूहळू सांगितलं त्यांनी. पोळ्याच्या आसपास एका ठिकाणी छत बोदं वाजलं. त्यांनी लाकूड आडवं लावलं. तिथली माणसं मग दूर, गुडघाभर पाण्यात कामाला पाठवली गेली. साहेबांनी पुन्हा ऐकायला लावलं. पुन्हा बोदंच. आणि ते छत अजून पडलेलं नाही. यानं उगाच पाण्यात ढकललं म्हणून तेव्हापासून कोणी बाबांशी बोलत नाही, डबा खायच्या वेळी सगळे पलीकडे जाऊन बसतात. आमच्याकडचाच, आंधळगावचा टिकारामसुद्धा. इतकी वर्षं बाबांच्या डब्यातली जवसाची चटणी त्याच्याच वाट्याची असायची.

"पडलं असतं त बोलले असते," बाबा म्हणाले आणि स्वतःच दचकले. "नाई नाई. नोको पडाले."

"खरंच बोदं वाजलं होतं का, बाबा?"

"मले त वाजलं."

सकाळी मी त्यांची काठी घेऊन आमच्या घराचं लाकूड न् लाकूड ठोकलं. सगळं सारखंच वाजलं. बाबा दारात उभे होते.

"तुमी गेले नाई त काय होईन?" मी विचारलं.

"दुसरा सरदार येईन. मानसं पाण्यात कट्टाळली हायेत. तो ते आडवं लाकूड काढून टाकीन."

"आन मंग टिकारामकाका त्याच छताखाली जातीन?"

बाबांनी माझ्या हातातली काठी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली.

पाळीवरून बेबीची हाक आली, "शिंगाडे घेत नाई का वं? का भेली?" मी गेले नाही. सांगितलं असतं तर पुन्हा हसल्या असत्या, आणि या वेळी मला हसता आलं नसतं. दोघींचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग त्याही गेल्या. मी पायरीवर एकटीच बसले. खाली खाणीत, अंधारात, सगळे पलीकडे आणि डबा उघडून बाबा एकटे, एवढंच डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुपारी मायनं ताटं वाढली. बाबा भात चिवडत होते. मी माझं ताट सरकवत त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"बाबा, तुमी वापस जा, ते लाकूड कोनाले काढू देऊ नोका. आन मी तुमच्यासंगं येऊन राहिली. तिथं शाळा हाय, तुमीच सांगितलं होतं. खाली तुमी डबा एकटेच खाता, त्याचं मले काई करता येत नाई, पण ड्युटीवरून आले का माह्यासंगं जेवाचं. माय, तू रागावू नोको, धान कापून झालं का तूबी ये. चटणी मातर दोघाईची करून दे, टिकारामकाकाच्या तिथल्या घरी मीच नेऊन देईन. ते बोलले त बोलले, नाई त नाई. मी जाऊनच राहिली, आता कोनी नाई मनू नोका."