न उठलेले सभापती

वरिष्ठ सभागृहाचा सभापती तोवर राजाच नेमत असे. सदस्यांनी मतं देऊन निवडलेले हे पहिलेच सभापती. त्याआधी ते गावात डॉक्टरकी करायचे. दुसऱ्याच आठवड्यात, धान्यावरच्या करावर चर्चा रंगली असताना दरबाराचे चिटणीस थेट आत आले.

"कामकाज इथेच थांबवावं, अशी राजेसाहेबांची इच्छा आहे."

असा निरोप आला की सभापतींनी खुर्चीतून उठायचं आणि बैठक संपायची, हा जुना रिवाज होता. सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे लागले. सभापती बसूनच राहिले.

"राजेसाहेबांना माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. "सदस्यांचं बोलणं पुरं झालं की बैठक संपेल." मग बोलणाऱ्या सदस्याकडे वळून म्हणाले, "हं, चालू द्या तुमचं."

चिटणीस आल्या पावली परतले. चर्चा संध्याकाळपर्यंत चालली, आणि पुढे दरबाराने कामकाज थांबवायला कधी माणूस पाठवला नाही.

घरी बायकोने पान वाढता वाढता विचारलं, "अहो, भीती नाही वाटली?"

"वाटली तर! पाय असे लटपटत होते, की उठायचं म्हटलं असतं तरी उठता आलं नसतं."

तिला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही.