आशीर्वादाआधीचं एक द्राक्ष

त्या रविवारी सेवान तळ्यावरचं धुकं थेट चर्चच्या आत आलं होतं. खरंच! धुपाचा धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. गाणाऱ्या मुलींच्या रांगेत जाळीची ओढणी डोक्यावर घेऊन मी उभी होते आणि मला वाटत होतं, चर्च म्हणजे एक दगडी होडी आहे, कुणीतरी हळूच तिचा दोर सोडलाय.

बाबांच्या कपाळावर मात्र घाम होता.

बाबा म्हणजे आमच्या गावचे पाद्री, तेर घेवोंद; गाव त्यांना 'तेर हायर' म्हणतं. बावन्नाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले होते! दर सोमवारी बस पकडून प्रवचन शिकायला जायचे. वर्गात वीस दाढीवाले पाद्री आणि शिकवायला मठातले हायर, म्हणजे फादर, येझनिक, बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

"एकेकाला उभं करतात गं," बाबा सांगायचे. "समोर एकोणीस दाढ्या. डोळे दिसतच नाहीत. दाढ्याच ऐकतायत असं वाटतं."

येझनिकांनी गृहपाठ दिला होता: प्रवचन झालं की गावातल्या तीन माणसांना विचारा, काय ऐकलंत? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. घरचं माणूस चालणार नाही.

दोन रविवार वही कोरी राहिली. "छान झालं, तेर हायर," यापलीकडे कुणी काही सांगेना. वार्दुश आजी तर म्हणाली, "आवाज इतका गोड, की मस्त डुलकी लागली बघ."

शनिवारी कोंबड्यांना दाणे टाकताना बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "नाझेनी, उद्याही तीन उत्तरं मिळाली नाहीत तर वर्ग सोडतो. जुन्या पुस्तकातलं वाचत जाईन. माझ्या आधीचे तेच करायचे."

त्यांनी चिडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण ते हसून म्हणाले, आणि मी मुठीतले सगळे दाणे एकदमच टाकले.

आणि रविवार नेमका ऑगस्टमधला, द्राक्षांच्या आशीर्वादाचा! त्याआधी आमच्याकडे द्राक्षाला कुणी तोंड लावत नाही. आमच्या थंड गावात द्राक्षं पिकत नाहीत, ती ग्नेलकाका खालच्या अरारात खोऱ्यातून गाडीत घालून आणतो. धुक्यामुळे ग्नेलकाका अडकला होता. वेदीसमोर परात रिकामीच.

बाबांनी कागद वाचायला सुरुवात केली. "द्राक्षवेल ही दैवी कृपेची..." वार्दुश आजीची मान कलली. कागद संपला. परात रिकामी. सगळं गाव दाराकडे बघतंय. बाबांनी कागद उलटून पाहिला, मागे काहीच नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मागच्या वर्षीची मी असते तर ओढणीत तोंड लपवलं असतं. या वर्षी मी एकटीनं गाते, सगळ्या गावासमोर! मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून एक छोटा गोल केला आणि तोंडात टाकल्यासारखं केलं. लहानपणी झोपताना मी बाबांकडून हट्टानं ऐकायचे, ती गोष्ट.

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी कागदाची घडी केली.

"मी सात वर्षांचा होतो," ते म्हणाले, "तेव्हा खालच्या खोऱ्यात आत्याच्या वेलीवरचं एक द्राक्ष खाल्लं. जुलैमध्ये."

चर्चमध्ये कुणीतरी "अरे देवा!" म्हटलं. वार्दुश आजी टक्क जागी.

"आंबट होतं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं. मग मी वेलीखाली उताणा पडून राहिलो, आता आकाश कोसळेल म्हणून. नाही कोसळलं. पानांतून नुसतं ऊन गळत होतं, हिरवं हिरवं. पण ऑगस्टमध्ये सगळ्यांनी पहिला मणी तोंडात टाकला आणि एकदम हसले, तेव्हा मला हसता आलं नाही. माझी वाट पाहायची गंमत मीच खाऊन टाकली होती. आज परात रिकामी आहे. तुम्ही वाट बघताय. मला तुमचा हेवा वाटतो."

धुकं उजळत गेलं, मोत्यासारखं. आणि दूरवर ग्नेलकाकाचा हॉर्न!

आशीर्वाद झाल्यावर अंगणात सगळे हात चिकट करून उभे होते. बाबांना विचारावंच लागलं नाही.

"आंबट होतं म्हणे!" लोहार सेरोब ओरडला. "बरी जिरली तुमची, तेर हायर!"

शाळेतल्या हेघुश बाई द्राक्षाचा मणी उन्हात धरून म्हणाल्या, "आज पहिल्यांदाच मी हा हळू खाल्ला."

बाबा भराभर लिहीत होते. दोन झाली.

वार्दुश आजी काठी टेकत आली. बाबांच्या बाहीला धरून तिनं त्यांना बाजूला ओढलं, पण आजीला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं कुजबुजणं सगळ्या अंगणाला ऐकू जातं.

"तेर हायर, मी दोन खाल्ली होती. लग्नाच्या वर्षी. साठ वर्षं कुणाला सांगितलं नाही."

बाबांनी पेन उचललं, तिच्याकडे पाहिलं आणि वही मिटली. "हे लिहिणार नाही, आजी."

"मग उत्तरं दोनच झाली ना?" मी पुटपुटले.

"तीन झाली," बाबा म्हणाले. "उद्याची बस किती वाजताची गं?"