एकास एक

भिवाजीकाका दुकानात आले तेव्हा हर्षदीपनं शटर अर्धंच वर केलं होतं. काकांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क. काका बेल्याच्या शाळेत अटेंडर, म्हणजे शिपाई. हर्षदीपचे वडील देवाजी त्याच शाळेत अठरा वर्षं शिकवत होते, म्हणून आदिलाबादजवळच्या मावल्यातली बाकीची कॉम्प्युटरची दुकानं सोडून ते इथं आले.

“जय भीम, बाबू,” ते म्हणाले. “टायरवाल्या राजकुमारच्या क्यामेऱ्याची हाय हे. वीज पडली तवा रेकॉर्डिंगचा डबा जळला त्याचा. एवढंच राह्यलं.”

काय आहे ते हर्षदीपला सांगावं लागलं नाही. काकांची मुलगी साक्षी आदिलाबादला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना वळणावर तिला मागून कोणीतरी उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली; साक्षी जागीच गेली. ठाण्यात म्हणाले, नंबर मिळाला तर पुढं जाता येईल. राजकुमारचा कॅमेरा त्याच वळणाकडे तोंड करून होता. पण कोणी रेकॉर्डिंग उतरवून घेण्याआधीच तिसऱ्या दिवशी वीज पडली.

हर्षदीपनं डिस्क जोडून कान लावला. आत टिक-टिक होत होती, पण फिरत होती.

“काका, हे एकदाच चालते असं दिसते. मधात बंद पडली तर पुन्हा उठत नाई.”

“मंग बंद नको पडू देऊ.”

दुकानात तीन मशीन होती. त्यातलं चांगलं ते त्याचं स्वतःचं, पै-पै साठवून जोडलेलं. आठवडाभर तो त्याचाच वेग वाढवायच्या मागं लागला होता. मेमरी छत्तीसशेची होती. त्या वेगावर मेमरी आणि तिला सांभाळणारा कंट्रोलर बरोबरीनं चालत, एकास एक. त्यानं मेमरी चार हजारावर नेली, तर मशीननं आपणहून कंट्रोलर निम्म्यावर उतरवला, एकास दोन. आकडा मोठा दिसला, पण काम उलट मंदावलं. मग आदल्या दिवशी त्यानं व्होल्टेज थोडं वाढवून ती जोडी जबरदस्तीनं पुन्हा एकास एक केली. मशीन चालू झालं. कॉम्प्युटरच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर त्यानं आकडे टाकले आणि लोकांनी वाहवा केली. अशी सेटिंग पक्की धरायची तर मेमरीची तपासणी चांगली सात-आठ तास चालवावी लागते. त्यानं वीस मिनिटं चालवली, चूक निघाली नाही, आणि बंद केली.

डिस्क जोडायच्या आधी ते त्याच्या मनात आलं होतं. दोन मिनिटांचं काम होतं: मशीन पुन्हा सुरू करायचं, आत जायचं, छत्तीसशे करायचं. आणि या कामाला वेगाचा काही उपयोगही नव्हता. मरायला टेकलेली डिस्क जेवढं देईल तेवढंच मिळणार होतं. हे त्याला ठाऊक होतं. पण काल रात्रीपासून मशीन एकदाही अडकलं नव्हतं. चालून राह्यलंय ना, असं म्हणून त्यानं कॉपी सुरू केली.

काका स्टुलावर बसले. पडद्यावरचा टक्का हलला की ते मोठ्यानं वाचत. अकरा. बारा. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकर हर्षदीपपुढं केली. वच्छलाबाईंनी, म्हणजे काकूंनी, दोघांपुरतं दिलं होतं.

“लाल गाडी होती म्हणते पोहे विकणारा,” काका म्हणाले. “दुसरा म्हणते पांढरी. मले रंग नाई पाह्यजे. मले नंबर पाह्यजे.”

तीन वाजून दहा मिनिटांनी एकाहत्तर टक्के झाले आणि पडदा निळा पडला.

हर्षदीप उठला ते खुर्ची पाडूनच. मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. तेवढ्या क्षणात डिस्कची वीज गेली आणि आली. टिक. टिक. मग काहीच नाही. त्यानं वायर बदलली, दुसऱ्या मशीनला लावली, डिस्क तळहातावर धरून बघितली. आत काही फिरत नव्हतं.

“काय झालं, बाबू?”

“डिस्क गेली, काका.”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच त्याच्या तोंडून ते इतक्या सहज निघालं.

एकाहत्तर टक्क्यांत त्या दिवसाची सकाळ-दुपार आली होती. रेकॉर्डिंग संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी तुटत होतं. साक्षीला गाडीनं उडवलं ते पावणेसातला. तरी काका म्हणाले, लाव. सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी एक स्कूटी वळणावरून गेली. ओढणी डोक्याला बांधलेली, पाठीला बॅग. चार सेकंद. काकांनी ते सहा वेळा बघितलं.

“हे देता येते का मोबाईलात?”

हर्षदीपनं दिलं.

“तू तरी काय करशीन,” काका निघताना म्हणाले. “जळकी वस्तू.”

काका गेल्यावर त्यानं मेमरीची तपासणी लावली. एक तास सतरा मिनिटांनी पहिली चूक आली, मग ओळीनं चाळीस. त्यानं पूर्ण रांग वाचली. डिस्क तशीही गेली असती, असं तो पाच दिवस स्वतःला सांगत राहिला. गेली असती, किंवा आणखी दोन तास चालली असती. हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं.

सहाव्या दिवशी तो बेल्याला गेला. काका ओसरीवर होते, काकू सुपात तूर पाखडत होत्या. त्यानं उभ्यानंच सांगितलं, सोपं करून: मशीन पेलत नसलेल्या वेगावर ठेवलं होतं, हौसेपायी, ते माहीत असून बदललं नाही, मशीन पडलं म्हणून डिस्क बंद झाली.



“म्हणजे तू ते कमी केलं असतं, तर नंबर भेटला असता?”

“सांगता नाई येत. भेटला असता, काका. बहुतेक.”

“मंग मले काऊन सांगून राह्यला?”

हर्षदीपनं मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली.

“वीज पडली, डिस्क मेली, असं मानून बसलो होतो मी,” काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “आता रोज तुझं दुकान डोळ्यापुढं दिसन मले. तुले सांगून हलकं वाटलं असन. हे घरात आणून ठेवलं तू, आता आमी काय करायचं याचं?”

काकूंचं सूप थांबलं होतं. त्या वर न बघता म्हणाल्या, “जाय बाबू तू. जाय.”

तो गेला. मोटारसायकल त्यानं गावाबाहेर येईपर्यंत ढकलतच नेली.

उन्हाळ्यात ठाण्यातून कागद आला: वाहनाचा शोध लागला नाही, तपास थांबवला. हर्षदीपला ते वडिलांकडून कळलं. देवाजी विहारातून परत आले होते, चपला काढताना म्हणाले, “भिवाजी आज माझ्याशीबी बोलला नाई. अठरा वर्षं एका शाळेत होतो आमी. काय झालं रे तुमच्यात?”

हर्षदीपनं त्यांनाही सगळं सांगितलं. देवाजींनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी ते जेवायला बसले नाहीत.