नाडी एकशे अडतीस

शिकाऊ नर्स म्हणून वॉर्डातला माझा पहिलाच दिवस. आजोबा घरी जायला बूट घालून तयार बसले होते, फक्त नाडी बघायची राहिली होती. मी तज्ज्ञाच्या थाटात मनगट धरून मोजली, तर एकशे अडतीस!

"आजोबा, बूट काढा. आज घरी जाता येणार नाही."

आजोबांचा चेहराच पडला. तेवढ्यात सिस्टर आल्या.

"अगं शहाणे, अंगठ्याने कुणी नाडी बघतं का? अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात!" त्यांनी दोन बोटं टेकवून मोजली. शहात्तर.

"मग एकशे अडतीस कुणाची?" आजोबांनी विचारलं.

मी प्रामाणिकपणे हात वर केला.

आजोबांनी उठून उशी झटकली. "ये पोरी, आडवी हो. लेक येईपर्यंत बसतो तुझ्याजवळ."

आजोबांना चार वाजता घरी सोडलं. मला पाच वाजता.